एका बिडीचं माप

कासाबाईवर मी पहिल्यांदा ओरडलो ते कापसाच्या बोळ्यावरून. सुई टोचायच्या आधी कातडी पुसायला घरून स्वच्छ कापूस आण म्हणून सांगितलं होतं, तर ही बाई मेंढीच्या लोकरीचा गोळा घेऊन आली. धुतलेली, पिंजलेली, पांढरीशुभ्र लोकर. वर मलाच समजावून सांगते, "कापूस दुसऱ्याच्या रानातला हाय दादा, लोकर घरची हाय." मी तिला चांगलं पाच मिनिटं फैलावर घेतलं. लोकरीला तेलकटपणा असतो, त्यात घाण राहते, खाज सुटते, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "दोनदा धुतली तर?"

हे साल ब्याऐंशी. परभणीत स्टेशन रोडला दिनकरराव डॉक्टरांचा चार खाटांचा दवाखाना होता आणि मी तिथला कंपाउंडर. माझं नाव चंद्रभान, पण त्या नावानं मला फक्त घरचे हाक मारतात. बाकी सगळ्यांसाठी मी कंपोंडर. डॉक्टर बोलायला मऊ. त्यामुळे त्यांनी समजावायचं आणि मी ओरडायचं अशी आमच्यात वाटणीच पडून गेली होती. मला त्याचं काही वाटत नसे. ओरडल्याशिवाय लोक ऐकत नाहीत असं माझं पक्कं मत होतं आणि ते बदलायला मला बरीच वर्षं लागली.

कासाबाई पोखर्णीच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. मेंढरांचं घर. नवरा मुंजाजी, धाकटा दीर उमाजी, सासू केवळाबाई आणि सव्वाशे मेंढरं. पावसाळाभर घरी राहायचं, दिवाळी झाली की मानवतच्या बाजूला कापूस वेचून झालेल्या रानांत कळप न्यायचा आणि तिथून पुढे पूर्णेकडे सरकायचं, असा त्यांचा दरसालचा रस्ता. कासाबाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर असेल. त्या श्रावणात ती पहिल्यांदा आली तेव्हा अंगावर मांस म्हणून नव्हतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. "हंडा संपवला तरी तोंड कोरडंच," म्हणाली. मी तिची लघवी निळ्या द्रावणात घालून तापवली. साखर नसली तर ते निळंच राहतं, थोडी असली तर हिरवं, जास्त असली तर पिवळं आणि फारच असली तर विटकरी होतं. तिची नळी तापायच्या आत विटकरी झाली.

गोळ्यांनी भागण्यातलं हे दुखणं नव्हतं. तिच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नव्हतं, ते रोज बाहेरून द्यायला लागणार होतं. तेही सकाळ-संध्याकाळ आणि जन्मभर. डॉक्टरांनी तिला हे सांगितलं तेव्हा केवळाबाई शेजारी उभी होती. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं गोंदण. तिनं एवढंच विचारलं, "रोज सुई टोचायची म्हंजी तुमी आमच्या मागं रानात हिंडणार का?"

मी हिंडणार नव्हतोच. म्हणून मी कासाबाईला सुई द्यायला शिकवलं. मला वाटलं होतं आठवडा जाईल. ती दोन दिवसांत शिकली, कारण मेंढरांना टोचायची तिला सवय होती. काचेची पिचकारी चुलीवर उकळायची कशी, हवेचा बुडबुडा काढायचा कसा, मांडीची कातडी चिमटीत धरायची कशी, सगळं एकदा दाखवलं की झालं. औषधाची बाटली गार राहायला हवी म्हणून तिनं स्वतःच युक्ती काढली. लहानसं मातीचं लोटकं, भोवती ओल्या लोकरीची गुंडाळी, आणि ते सावलीत टांगायचं. इथं मात्र लोकर चालेल असं मी मोठ्या मनानं मान्य केलं. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला गुळाचा खडा पदराला बांधून ठेव म्हटलं, तर तिनं लगेच बांधला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

पहिले दोन आठवडे टोचल्या जागी तांबड्या गाठी यायच्या, खाजायच्या. "होतं सुरुवातीला, जातं आपोआप," असं मी तिला म्हणालो. ते खरंही होतं. महिन्याभरात त्या गेल्या. कासाबाईच्या अंगावर मांस चढलं, चेहऱ्यावर तकाकी आली. नळी हिरवी दिसायला लागली, एखाद्या दिवशी निळी. दिवाळीच्या आधी ती आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि ती सांगायला मला अजून जड जाते.

त्यांच्या घरात एक रीत होती. मेंढरांवर देवीचा रोग आला आणि एखादी मेंढी मरता मरता वाचली, तर तिला पोखर्णीला नेऊन नरसिंहाच्या पायरीवर उभी करायची, कपाळाला गुलाल लावायचा आणि मग सव्वा महिना तिच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. म्हणजे कातर लावून लोकर काढायची नाही, सुई टोचायची नाही. देवानं वाचवलेलं अंग, त्याला इतके दिवस तरी लोखंडानं शिवायचं नाही. घरातलं कुणी मरता मरता वाचलं तरी हीच रीत. पूर्वी मुंजाजी तापातून उठला तेव्हा त्याची सव्वा महिना दाढी झाली नव्हती. आता कासाबाई वाचली होती. केवळाबाईनं नवस बोलला होता आणि तो फेडायची वेळ आली होती.

तो बाजारचा दिवस होता. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, मी एका हातानं पुड्या बांधत होतो आणि दुसऱ्या हातानं लोकांना मागं सारत होतो. कासाबाई गर्दीतून कशीबशी पुढं आली आणि म्हणाली, "दादा, मधी सव्वा महिना सुई सोडली तर चालंल का?"

"मला काय विचारतेस? गर्दी दिसत नाही का? डॉक्टरांना विचार," मी खेकसलो.

डॉक्टरांच्या दाराशी वीसएक माणसं बसली होती. तिनं तिकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तिची पोखर्णीची एसटी सुटायची वेळ झाली होती. ती गेली. ती जाताना मी पाहिली. एक हाक मारली असती तर झालं असतं. 'एक दिवसही सोडायची नाही,' एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? तेवढाही मी दिला नाही.

पुस महिन्यात मुंजाजीनं तिला हाताला धरून दवाखान्यात आणली. सव्वा महिना पुरा झाला होता. सुरुवातीला तिला काही जाणवलं नाही म्हणे, थोडं इन्सुलिन अंगात उरलंसुरलं होतं त्यावर दिवस निघाले. शेवटच्या दहा दिवसांत परत हंडाभर पाणी, परत हाडं वर. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता. हा वास आला की आम्ही समजायचो की दुखणं टोकाला चाललं. डॉक्टर म्हणाले, लगेच इन्सुलिन द्या. मी दिलं.

दहा मिनिटंही झाली नसतील. कासाबाई तळहात खाजवायला लागली. मग म्हणाली, "दादा, अंगाची आग व्हायली." मी पाहिलं तर मानेवर, दंडांवर रुपयाएवढाल्या गांधी उठल्या होत्या आणि त्या बघता बघता एकमेकींत मिसळत होत्या. ओठ सुजले. पापण्या मिटल्या. मग तिचा आवाज बसला आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टर लगेच कपाटाकडे गेले, अ‍ॅड्रेनलिनची कुपी फोडली आणि तिला दिली. पाठोपाठ शिरेतून दुसरं औषध. वीस मिनिटांनी तिचा श्वास मोकळा झाला. मुंजाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता, तो तिथंच खाली बसला.

डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, "इन्सुलिनचीच अ‍ॅलर्जी आहे. आधी औषध चालू होतं, अंगाला त्याची ओळख झाली. मग खंड पडला. आता परत आलं तर अंग त्याला वैरी समजतंय."

"मग आता?" मी विचारलं.

"आता पंचाईत आहे," ते म्हणाले. "दिलं तर असं होणार. नाही दिलं तर चार दिवस काढणार नाही."

दिनकररावांनी औरंगाबादला त्यांच्या जुन्या प्राध्यापकांना ट्रंक कॉल लावला. दीड तासानं लागला. डॉक्टर उभ्यानं बोलत होते आणि वहीत लिहून घेत होते. सरकारी दवाखान्यात तिला खाट मिळाली असती, पण हा उपचार कसा करायचा ते सांगणारा माणूस औरंगाबादच्या फोनवर होता आणि फोन आमच्या दवाखान्यात. म्हणून तिला आमच्याच खाटेवर ठेवायचं ठरलं. बाजारात मिळायचं ते इन्सुलिन गाईबैलांच्या ग्रंथीतून काढलेलं. प्राध्यापकांकडं डुकरापासून काढलेलं, जास्त शुद्ध केलेलं इन्सुलिन होतं, ते कधीकधी सोसतं. त्यांनी ते बर्फ घातलेल्या थर्मासमधून दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं आणि संध्याकाळी मी बसस्टँडवरून ते घेऊन आलो. तोवर कासाबाईला सलाईनवर ठेवलं होतं आणि उद्या दिवसभर कंपोंडर सुया देणार असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डॉक्टर तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. मुंजाजी मेंढरांकडं परत गेला होता. उमाजी एकटा कळप सांभाळू शकत नव्हता. मुंजाजीच्या जागी केवळाबाई आदल्या संध्याकाळीच आली होती. ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली, हात मांडीवर ठेवून.

"कासाबाई, या औषधाची तुझ्या अंगाला परत सवय लावायची," डॉक्टर म्हणाले. "आज आधी अगदी थेंबाच्या थेंबाचा थेंब देणार. अर्धा तास बघणार. काही झालं नाही तर त्याच्या दुप्पट. परत अर्धा तास. असं करत करत संध्याकाळपर्यंत तुझ्या पुऱ्या डोसापर्यंत जायचं."

मला वाटलं, हे तिला काय कळणार. मी मध्ये तोंड घालून सोपं करून सांगायला लागलो, तर ती सुजलेल्या ओठांनी हसली.

"म्हंजी मेंढरू कवळ्या हरभऱ्यात सोडायलाव," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिला विचारलं, म्हणजे काय. मग तिनं थांबत थांबत सांगितलं. वाळला कडबा खाणारं मेंढरू एकदम हिरव्या हरभऱ्यात सोडलं की त्याचं पोट फुगतं आणि ते तिथंच पाय झाडून मरतं. म्हणून आधी त्याला कडबा खाऊ घालायचा, मग हिरव्यात सोडायचं, पण फक्त एक बिडी ओढून होईस्तोवर. बिडी संपली की हाकलून बाहेर. दुसऱ्या दिवशी दोन बिड्या. तिसऱ्या दिवशी चार. आठ दिवसांत मेंढरू दिवसभर हिरव्यात चरतं आणि त्याला काही होत नाही.

"आन् मधी चार दिस हिरवं चुकलं तर," खालून केवळाबाई म्हणाली, "परत एका बिडीपासून धरावं लागतं. न्हाईतर फुगलंच."

बोलताना तिचं तिलाच कळलं असं मला तेव्हा वाटलं. तिनं डॉक्टरांकडं मान वर करून विचारलं, "डॉक्टर, ह्ये माझ्या सव्वा महिन्यानं झालं का?"

डॉक्टरांना खोटं बोलता येत नसे. "खंड पडला म्हणून झालं, आजी," ते म्हणाले.

मी तिथंच उभा होतो. माझ्या हातात औषधाची बाटली होती. त्याच वेळी मी सांगायला हवं होतं की हिनं मला विचारलं होतं, आणि मी हिला हाकललं होतं. केवळाबाईला काय माहीत असणार इन्सुलिनचं? मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. म्हातारीनं सगळा दोष एकटीनं पदरात घेतला आणि मी तो घेऊ दिला. कासाबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. तीही काही बोलली नाही.

त्या दिवशी पाच बाटल्या मी तयार केल्या होत्या. पहिल्यात औषध इतकं पातळ केलेलं की एका युनिटचा हजारावा भाग पिचकारीत यावा. पाचवीत जवळपास मूळ औषध. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर घातले. दिसायला पाचही सारख्याच, पाण्यासारख्या. दोन नंबरच्या जागी पाच नंबर उचलली गेली असती तर संपलं होतं. मी आयुष्यात हजारो सुया दिल्या असतील, पण त्या दिवशी माझा हात थरथरत होता आणि तो धरायला मला दुसरा हात लावावा लागत होता. डॉक्टरांनी आधी दोन्ही इन्सुलिनचा एकेक बारीक टोचा तिच्या हातावर देऊन पाहिला. गाईच्या औषधाची गांध मोठी आली, दुसऱ्याची डास चावल्याएवढी. म्हणून दुसरं धरलं.

तेव्हा कासाबाईनं विचारलं, "ह्ये कशाचं असतंय?"

मी डॉक्टरांना डोळ्यानं खुणावलं की सांगू नका. त्यांनी सांगितलं. आधीचं गाईचं, हे डुकराचं. केवळाबाईनं पदर नाकाला लावला. कासाबाईनं मान डॉक्टरांकडं वळवली.

"आन् मेंढीचं न्हाई का निघत?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, निघेल, पण ते कुणी बनवून विकत नाही.

"मंग काहून एवढी मेंढरं पाळायलाव आमी," ती म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला.

साडेसातला पहिली सुई. आठला दुसरी. केवळाबाई हिशेब ठेवत होती तो बिड्यांत. "ही तिसरी बिडी," "ही चौथी." अकराच्या सुमाराला टोचल्या जागी मोठी गांध उठली आणि कासाबाईचे कान लाल झाले. मी अ‍ॅड्रेनलिनची कुपी हातात घेऊनच उभा राहिलो. डॉक्टर तिची नाडी धरून बसले. पाऊण तास असाच गेला. मग गांध बसली. डॉक्टरांनी पुढं न जाता एक पाऊल मागं घेतलं. आधीचाच डोस परत, आणि मग परत तोच. केवळाबाईनं मान डोलावली. मेंढरू रवंथ करीना झालं तर असंच मागं घ्यावं लागतं, म्हणाली. दुपारी तीनला पाच नंबरची बाटली निघाली. दिवेलागणीला कासाबाईच्या अंगात दहा युनिटं गेली होती आणि मांडीवर फक्त एक फिकट तांबडा डाग होता. त्या दिवशी डॉक्टर दिवसभर जेवले नव्हते. मीही नव्हतो, पण ते माझ्या लक्षात बाहेर पडल्यावर आलं.

आठ दिवस तिला ठेवून घेतलं. निघताना डॉक्टरांनी केवळाबाईला सांगितलं, "आता एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. ताप येवो, सण येवो, काही होवो. चुकलं तर परत एका बिडीपासून, आणि पुढच्या वेळी मी वाचवीनच असं नाही."

केवळाबाई म्हणाली, "कळलं." एवढंच.

त्यानंतरची अकरा वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत, आणि तेच त्या वर्षांचं मोठेपण. कासाबाई दर महिन्याला यायची. कळप मानवतला असला तर मानवतहून, पूर्णेला असला तर रेल्वेनं. डॉक्टरांनी ते वेगळं इन्सुलिन मागवायची सोय परभणीतल्या एका दुकानात करून दिली होती, आणि तिची बाटली आली की नाही ते मी आदल्या आठवड्यातच जाऊन बघून यायचो. ती सुईची जागा रोज बदलायची, उजवी मांडी, डावी मांडी, पोट, आणि कुठली जागा कधी झाली हे लक्षात राहायला घोंगडीच्या काठाला गाठी मारायची. स्पिरिट वाळल्याशिवाय टोचत नसे. मी तिच्यावर ओरडणं सोडून दिलं होतं. नंतर नंतर इतरांवरही कमी ओरडायला लागलो. लोक म्हणायचे, कंपोंडर म्हातारा झाला.

केवळाबाई सुई द्यायला शिकली हे मला तीनेक वर्षांनी कळलं. कासाबाईला हिवताप आला, हात लटपटायला लागला, तेव्हा सासूनं पिचकारी हातात घेतली. एरवीही सकाळची सुई झाल्याशिवाय ती कुणाला भाकरी वाढत नसे. उमाजी हसत सांगायचा, "आमच्या घरी आदी सुई, मंग न्याहारी."

चौऱ्याण्णवचा जानेवारी. विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या आठवड्यात गावोगाव ताण होता आणि पोखर्णीकडची एसटी दोन दिवस डेपोतून निघाली नव्हती. तिकडून सायकलवर दूध घालायला येणारा लिंबाजी मात्र चुकत नसे. त्यानं सकाळी दवाखान्याच्या पायरीवर सायकल टेकवली आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "मेंढरंवाली केवळाबाई गेली. परवा माती झाली."

मला आधी वाईट वाटलं. आणि मग दुसरीच गोष्ट आठवली. त्यांच्या घरात सुतकातही लोखंड लावत नाहीत. दहा दिवस ना वस्तरा, ना कातर, ना सुई. बाप गेला तेव्हाचं सांगताना मुंजाजीनं मला ते एकदा सांगितलं होतं. आज तिसरा दिवस होता.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दुकानातून आणून ठेवलेली तिची बाटली थर्मासमध्ये घातली, अ‍ॅड्रेनलिनच्या दोन कुप्या आणि पिचकारी माझ्या पिशवीत टाकली. मी सायकल काढली. त्रेपन्न वय, समोरून वारं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अठरा किलोमीटर मी स्वतःला शिव्या घालत गेलो. अकरा वर्षांपूर्वीचा बाजारचा दिवस, ती गर्दी, तिचं ते घड्याळाकडं बघणं. या वेळी तरी वेळेत पोचू दे, एवढंच मागत होतो.

म्हातारीच्या दुखण्यामुळं त्या साली घरचे कळप घेऊन लांब गेले नव्हते. वस्तीवर पोचलो तेव्हा अंगणात भावकी बसली होती. मुंजाजी, उमाजी आणि पाचदहा माणसं. मुंजाजीच्या दाढीचे खुंट वाढले होते. मी सायकल तशीच आडवी टाकली आणि विचारलं, "कासाबाई कुठं आहे? सुई घेतली का तिनं?"

कुणी बोलायच्या आत ती कडब्याच्या गंजीमागून आली. हातात उकळलेली पिचकारी, फडक्यावर ठेवलेली. ती बसलेल्या सगळ्या माणसांच्या देखत भिंतीकडं तोंड करून बसली, लुगडं जरा सारलं आणि मांडीत सुई घेतली. माणसांनी मान दुसरीकडं केली, पण कुणी उठलं नाही की काही बोललं नाही. मी ओट्याच्या कडेला बसून घेतलं.

उमाजीनं पाणी आणून दिलं. मग त्यानं सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी केवळाबाईनं भावकीतल्या चार मोठ्या माणसांना बोलावून घेतलं होतं. बोलायची ताकद नव्हती, तरी त्यांच्या समोर म्हणाली, "माज्या सुतकात हिची सुई थांबवायची न्हाई. थांबवली तर माज्या पिंडाला कावळा शिवणार न्हाई, मी सांगून जायलेय." एकानं विचारलं, रीत मोडायची का. तर म्हणाली, "रीत मी चालवली, मीच मोडायले. तुमाला काय त्याचं?"

माझे डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत.

जरा वेळानं कासाबाई माझ्याजवळ येऊन बसली. मी थर्मास तिच्याकडं दिला. तिच्याकडं चार दिवसांचं औषध उरलं होतं आणि एसटी बंद म्हणून ती काळजीत होती. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणं होणार नाही.

"कासाबाई," मी म्हणालो, "त्या वेळी बाजारच्या दिवशी तू मला विचारलं होतंस. सव्वा महिना सोडलं तर चालेल का म्हणून. मी तुला हाकलून दिलं. दोष माझा होता. तुझ्या सासूनं उगाच अकरा वर्षं तो स्वतःवर घेतला, आणि मी तोंड उघडलं नाही."

"आत्याबाईला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं व्हतं. दवाखान्यात, त्या दिशी, तुमी औरंगाबादची एसटी बघायला गेलता तवा. मला राग आलता तुमचा. मी म्हणलं, उद्या डॉक्टरच्या म्होरं सांगते." तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. "तर आत्याबाई म्हणल्या, बोलू नको. उद्या दिवसभर सुई त्याच्या हातात हाय. त्याचा हात कापंल."

उन्हं कलायच्या आत मला परत फिरायचं होतं. उमाजीनं सायकल उभी करून दिली, कासाबाईनं माझ्या पिशवीत भाकरी बांधून दिली. मी निघालो. वारं आता पाठीमागून होतं, तरी मला पोचायला जातानापेक्षा जास्त वेळ लागला.